भैरीची खोळ आणि तीन मीटर वीस

सोमा हाटेला पोलादपूर ते महाड या सबंध पट्ट्यात दोनच माणसं हुशार वाटायची. दुसरं कोण, ते त्याचं अजून ठरलं नव्हतं.

हे मी म्हणत नाही, सोमाच म्हणायचा. स्वतःची फजिती दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हायचं, अशी त्याची उतारवयातली रीत होती. पण ही गोष्ट घडली तेव्हा त्याला ती रीत लागायची होती. तेव्हा तो नाकानं कांदे सोलत असे.

चौऱ्याहत्तर साली जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं. त्या वर्षी सोमाला सावित्रीचं पाणी मोजायची नोकरी लागली. रोजंदारीची का होईना, पण सरकारी. पोलादपूरच्या खाली जिथे नदी वळण घेते तिथे काठाला एक लाकडी खांब उभा केलेला होता. त्यावर पांढऱ्याकाळ्या आकड्यांची पत्र्याची पट्टी. सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला पाणी कितव्या आकड्याला लागलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. सातवी पास माणसाला ते डोळे मिटून जमलं असतं. फक्त डोळे मिटून चालणार नव्हतं.

सोमाला मात्र या कामाचा भारी अभिमान. त्याचा बाप रामजी जवानीत महाडला चालत गेला होता तो तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायला. त्या पाण्यासाठी पाठीवर काठ्या खाऊन परत आला. आणि आता त्याच रामजीचा मुलगा नदीचं पाणी मोजायचा पगार घेत होता. सोमा हे येईल त्याला सांगायचा. बौद्धवाडीतली माणसं ऐकून घ्यायची, कारण रामजीबद्दल सगळ्यांना माया होती. त्याच्या मुलाच्या बढाया त्या मायेच्या पोटात खपून जायच्या.

अकरा वर्षांत त्यानं एकही नोंद चुकवली नाही. अंगात ताप असला तरी डोक्यावर इरलं घेऊन गेला. थोरल्या मुलीच्या लग्नात एक वाजता मांडवातून उठला तो तडक नदीवर. व्याही विचारायला लागले, मुलीचा बाप रुसला की काय. त्याची बायको मंजुळा म्हणाली, "रुसले नाय, नदीला इचारायला गेलेत, जेवलीस का म्हणून."

आता भैरीचं सांगायला हवं.

खांबापासून पंधरा पावलांवर काठाला एक उभा धोंडा होता. तो भैरी. नदीचा राखणदार. वरच्या वाडीतला रावजी गुरव त्याला शेंदूर लावायचा. नवस फेडणारे, नवी जोडपी, मुंबईचे चाकरमानी, सगळे आपापला शेंदूर घेऊन यायचे आणि तेलात कालवून भैरीच्या डोक्यावर थापायचे. चैत्री पुनवेला जत्रा. त्या दिवशी रावजी सबंध धोंड्याला चांदीचा बेगड डकवायचा. पुढच्या वर्षीचा शेंदूर त्या बेगडावर.

सोमा भैरीला हात जोडत नसे. छप्पन्न साली वाडीनं देव सोडले, त्यात अठरा वर्षांच्या सोमानं आपल्या हातानं घरातले देवांचे टाक नदीत टाकले होते. तेव्हापासून तो धोंडा त्याच्या लेखी धोंडाच. पण शहात्तरच्या वैशाखात त्यानं एक हुशारी केली. गवंड्याकडून पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी मागून आणली, एक टोक भैरीच्या माथ्याशी धरलं आणि दुसरं मंजुळेला खांबाशी धरायला लावलं. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत येतं, हे गवंडीकाम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. खांबावर आकडा आला तीन मीटर वीस. सोमानं तो पाठ करून ठेवला. म्हणजे उद्या खांब हलला तरी भैरीच्या माथ्यावरून परत बरोबर बसवता येईल.

आणि त्याच पावसाळ्यातल्या पुरात खांब गेलाच. नुसता खांब नाही, वरचा साकवही, म्हणजे छोटा पूलही, गेला. त्या साकवाच्या चिऱ्यावर, जिच्यावरून खांबाची उंची ठरवायची ती खात्याची मूळ खूण कोरलेली होती, तीही गेली. खात्याचा ओव्हरसियर आठ दिवसांनी आला, चिखलात उभा राहून म्हणाला, "हाटे, नवा खांब पाठवतो. सर्व्हेवाले कधी येतील सांगता येत नाही. तोवर जमेल तसा बसवून टाका."

जमेल तसा? सोमाकडे तीन मीटर वीस होते. त्यानं नळी लावून खांब असा चोख बसवला की ओव्हरसियरनं पाठ थोपटली. सर्व्हेवाले कधी आलेच नाहीत. पुढे दर वैशाखात, पावसाच्या तोंडावर, सोमा आणि मंजुळा नळी घेऊन खांब तपासायची. दर वर्षी खांब जेमतेम अर्धं बोट खाली गेलेला भरायचा. सोमा म्हणायचा, "वाळू हाय. खचतोय." मग तो खांब तेवढा वर उचलायचा आणि बुडाला दगड ठोकायचा. वहीत हे लिहायचा नाही. लिहिलं तर वरून विचारणार, खचणारा खांब बसवला कुणी? कशाला विकतचं दुखणं.

त्र्याऐंशी साली पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून निमकर नावाचे तरुण साहेब आले. ते नदीचं गणित मांडत होते. महाबळेश्वरपासून महाडपर्यंत कुठे किती पाऊस पडला ते कॉम्प्युटरला सांगायचं. डोंगर, झाडी, ऊन, माती यांचा हिशोब करून कॉम्प्युटर सांगणार की सोमाच्या खांबाशी नदीला इतकं पाणी यायला हवं. मग सोमाची वही उघडून बघायचं, खरंच तितकं आलं का. शहात्तरपर्यंत दोन्ही आकडे गळ्यात गळा घालून चालत होते. सत्याहत्तरपासून सोमाचा आकडा मागे पडायला लागला. दर वर्षी थोडा आणखी मागे.

निमकरांनी वर्षभर सगळं तपासलं. पावसाची मापं तपासली, गणित तपासलं, कॉम्प्युटर चालवणाऱ्याला तपासलं. एकच माणूस त्यांनी तपासला नाही. "तुमच्या वहीत खाडाखोड नाही, खाडा नाही," ते म्हणाले. "हाटे, अशी वही मी देशात पाहिली नाही." शेवटी त्यांच्या मनानं घेतलं की पाऊस तेवढाच असून नदी आटते आहे. हवा तापत चालली असेल, डोंगर बोडके झालेत, पाणी वाटेतच उडून जातंय. जगात ठिकठिकाणी असं बोलायला सुरुवात झाली होती, आणि इथे तर सोमाच्या हस्ताक्षरात पुरावा होता. दिल्लीला मोठी परिषद होती. तिथे निमकर हे मांडणार होते, निबंधात सोमाचं नाव घालणार होते आणि सोमाला कायम करावं म्हणून खात्याला पत्रही लिहिणार होते.

साहेबानं "तुम्ही" म्हटलेलं आणि वर निबंधात नाव. सोमाचे पाय जमिनीला लागेनात. तो वाडीत सांगत सुटला, "नदी आटतेय. हवामान बदलतंय. माझ्या वहीत हाय."

मंजुळा धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "मला तर काय कमी दिसत नाय. आपल्या पाणवठ्याचा काळा कातळ दसऱ्याला जिथवर भिजायचा तिथवरच भिजतोय."

"तुझा धुण्याचा कातळ मोठा का सरकारची पट्टी मोठी?"

"मी कुठं मोठा म्हणतेय. भिजतोय म्हणतेय."

"कळत नाय त्यात बोलू नये गो," सोमा म्हणाला. हे वाक्य पुढे त्याला आयुष्यभर पुरलं.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात निमकर सगळ्या वह्या न्यायला आले आणि महाडला उतरले. त्याच आठवड्यात, ऐन उन्हाच्या तडाख्यात, भैरीनं खोळ टाकली. वर्षानुवर्षांचा शेंदूर जड झाला की असं होतं. देव अंग झाडतो म्हणतात. शेंदराचं सबंध कवच फणसाच्या सालीसारखं सुटलं आणि खाली पडलं. आत धोंडा काळा कुळकुळीत. वरच्या वाडीत ढोल वाजले. आता खोळ वाजतगाजत नेऊन डोहात सोडायची. मुहूर्त दुपारी चारचा निघाला.

सोमानं सकाळी वाडीत बसून या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. "देवानं कातडं काढलं, आता अंडी कदी घालतोय बघू." मग दहाच्या सुमाराला, साहेब येण्यापूर्वी खांब तपासून ठेवावा म्हणून, नळी घेऊन मंजुळेसकट नदीवर गेला. भैरीच्या उघड्या माथ्याशी टोक धरलं आणि म्हणाला, "बोल. तीन वीस?"

मंजुळा खांबाशी वाकली. "नाय. तीनच्या पण खाली हाय."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. वीतभर खाली हाय. खांब वीतभर वर कसा आला हो?"

सोमानं तोंड उघडलं ते "वाळू" म्हणायला. पण वाळूत खांब खचतो, उगवत नाही. त्यानं हातातलं टोक पाहिलं, उघडा धोंडा पाहिला आणि पायाशी पडलेली लाल खोळ पाहिली. मग वाकून खोळीची जाडी बोटांनी मापली.

खांब एकदाही खचला नव्हता. भैरी वाढत होता. दर चैत्राला त्याच्या डोक्यावर अर्धं बोट शेंदूर चढत होता, आणि दर वैशाखात हा शहाणा तेवढाच खांब उचलत होता. खांब वर गेला की तेच पाणी खालच्या आकड्याला लागणार. नदी होती तिथेच होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या क्षणी सोमाला जेवढं पटलं तेवढं कुणालाच कधी पटलं नसेल. खांब आहे तसा सोडायचा. चारला खोळ डोहात. सकाळी निमकर वह्या घेऊन पुण्याला. दिल्लीत नाव, घरात कायमचा हुकूम. कुणाला कळणार? मंजुळेला कळलं होतं, पण ती काही दिल्लीला जात नव्हती.

आणि सांगितलं तर? नोकरी जाईल, हे तर झालंच. पण सोमाला सलत होती ती वेगळीच गोष्ट. बारा हजार नोंदी. तापातल्या, पावसातल्या, लेकीच्या मांडवातून उठून केलेल्या. खांब उचललेला कुठे लिहिलाच नव्हता, तेव्हा कुठल्या साली किती चूक, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. सगळी वही रद्दी. त्याच्या हातून आयुष्यात झालेलं एकच काम, आणि ते रद्दी.

"साहेब येतील आता," मंजुळा म्हणाली. "सांगणार का तुमी?"

"तू काय म्हणतेस?"

"मला कुठं काय कळतंय," ती म्हणाली आणि नळी गुंडाळायला लागली.

निमकर साडेअकराला आले. सोमानं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. धोंड्याशी नेलं आणि सगळं सांगितलं. नळी, तीन वीस, दर वर्षीचं अर्धं बोट, आणि वहीत न लिहिलेलं. निमकर ऐकत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही. मग त्यांनी विचारलं.

"हाटे, या नदीत शंभर कातळ आहेत. उघडे, पक्के. एकालाही कुणी शेंदूर लावत नाही. तुम्ही तर देवही मानत नाही. मग हाच का धरलात?"

हा प्रश्न सोमानं नऊ वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं, जणू तोंडाशी येऊन बसलेलं.

"लहानपणी याच्याजवळ जायची सोय नव्हती साहेब. सात वर्षांचा व्हतो, खोबऱ्याचा तुकडा उचलाया गेलो. गुरवानं दगड मारला, हितं लागला." त्यानं भुवईवरची खूण दाखवली. "मग सरकारी नोकरी लागली. म्हटलं आता बघू कोण अडवतंय. दर साली याच्या डोक्याला हात लावाया मिळायचा, सरकारी कामानं. म्हणून हाच. दुसरं कारण नाय."

म्हणजे भैरीला न मानणाऱ्या सबंध वाडीत एकच माणूस असा होता की ज्यानं नऊ वर्षं भैरीच्या शब्दावर कारभार केला. सोमाला हे तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, कळलं आणि त्याला रडू येण्याऐवजी हसू आलं. निमकर हसले नाहीत. ते खोळीपाशी उकिडवे बसले होते. तिच्या तुटल्या कडेवर लाल थरांच्या मधून बारीक चमकत्या रेघा दिसत होत्या.

"ही चांदी कसली?"

"बेगड. चैत्राला लावतात. वर्षातून एकदा..." सोमा बोलता बोलता थांबला. दोन रेघांमधला थर म्हणजे एक साल, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

खोळ चारला जाणार होती आणि ती रावजी गुरवाच्या ताब्यात होती. दगड मारणारा रावजीचा बाप होता. अकरा वर्षं सोमानं रावजीला देखल्या देवा दंडवतही घातला नव्हता; उलट सकाळचा तो अंड्यांचा विनोद आतापर्यंत वरच्या वाडीत नक्की पोचलेला. निमकर म्हणाले, "मी बोलू का?" सोमा म्हणाला, "नको. हे माझं हाय."

रावजी अंगणात हळदकुंकवाचं ताट भरत होता. सोमाला बघून त्याचा हात थांबला. "काय रे सोमा? अंडी बघाया आलास?"

"रावजीबुवा, मी चूक केली." आणि सोमानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी दगडाचं मात्र गाळलं. "खोळीचे थर मोजायचे हायत. मोडणार नाय. तासाभराचं काम. मग तुमी खुशाल न्या."

रावजी साठीचा माणूस. त्यानं ताट खाली ठेवलं. आतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तो सोमाच्या भुवईकडे बघत होता.

"माझ्या बापानं मारलं व्हतं ते. मी व्हतो तिथं," तो म्हणाला. "मोठा व्हतो, पण काय बोललो नाय." मग उठून वहाणा घातल्या. "चल. थर तुला वाचता याचे नायत. मी सांगतो."

नदीवर येऊन रावजीनं खोळ स्वतः उचलली आणि सोमाच्या दोन्ही हातांत दिली. चांगली जड होती. सोमानं ती धरून ठेवली, निमकरांनी खिशातून बारीक पट्टी काढली, आणि रावजी बाहेरून आत एकेक चमकती रेघ बोटानं दाखवत गेला. "हा यंदाचा. हा गेल्या सालचा. हा त्र्याऐंशीचा, माझ्या धाकट्याचं लगीन, जाड हाय बघा. हा बघा कसा कागदासारखा पातळ. संपाचं साल. गिरण्या बंद, चाकरमानी आलेच नायत, शेंदूर कोण आणणार? हा त्याच्या आदला, कुलाब्याचं रायगड झालं त्या सालचा." निमकर मिलिमीटर सांगत, आणि सोमा पाठ असलेल्या वहीतून त्या सालची पातळी बोलत जाई. पुरानंतरच्या पहिल्या चैत्रापर्यंत ते मागे गेले; त्याच्या आतले थर जुने, खांब बसवण्याआधीचे. यंदाचा थर सोडून आठ थर, मिळून नऊ सेंटीमीटर.

संपाच्या सालच्या पातळ थरापाशी निमकर थांबले. बॅगेतून कागद काढला. त्या एकाच वर्षी सोमाचा आकडा मागे पडायचा थांबला होता, आणि का, ते त्यांना दोन वर्षं सुटलं नव्हतं. त्यांनी कागद घडी करून ठेवून दिला.

"आठ वर्षांत नदी काही आटली नाही हाटे. तुमचा देव नऊ सेंटीमीटर वाढला."

"माझा नाय साहेब," सोमा म्हणाला, "रावजीबुवांचा."

तेव्हा कुठे निमकर हसले. दिल्लीचा निबंध त्यांनी मागे घेतला. जाताना म्हणाले, "हवामान बदलेल, नाही बदलणार, आज मला माहीत नाही. पण बदललं तर ते कळायला आकडा खरा लागतो. तुमच्या बारा हजार नोंदी मी दुरुस्त करून घेतो. एकही टाकत नाही." सोमानं वह्या फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिल्या. खोळ चारला डोहात गेली, ढोल वाजले, आणि सोमा या काठावर उभा राहून ती बुडेपर्यंत बघत राहिला.

नोकरी गेली नाही. कायम व्हायला मात्र आणखी चार वर्षं लागली. ओव्हरसियरनं त्याला यथासांग झापलं आणि पावसाआधी सर्व्हेवाले खरोखरच घेऊन आला. नवी खूण कोरायला पक्का कातळ हवा होता, ज्याला कुणी काही लावत नाही असा. "कुठला घ्यायचा?" त्यानं विचारलं.

सोमा त्यांना खालच्या अंगाला घेऊन गेला. जुन्या काळी वाडीला वरच्या पाणवठ्यावर पाणी भरायची बंदी होती तेव्हाचा, प्रवाहाच्या खालचा तो पाणवठा. त्याची आई तिथे धुवायची, आता मंजुळा धुवायची. तिचा पिळा काळ्या कातळावर पडलेला होता. सर्व्हेवाल्यानं हातोड्यानं कातळ वाजवून पाहिला आणि म्हणाला, याच्यासारखा दुसरा नाही.

छिन्नी चालू झाली तशी मंजुळा पदर खोचून आली. "आता मी धुणं कुठं धुवू?"

"तिकडं खाली धू गो," सोमा म्हणाला. "हा सरकारी झाला. सबंध नदी आता ह्याच्यावरनं मोजायची."

मंजुळेनं कोरलेल्या बाणाची खूण वाकून पाहिली. मग आपला पिळा उचलला.

"मी कुठं मोठा म्हणत व्हते," ती म्हणाली. "भिजतोय म्हणत व्हते."

सोमानं वही उघडली. सहा वाजायला अजून पाच मिनिटं होती, म्हणून त्यानं ती परत मिटली आणि मंजुळेच्या हातातला पिळा घेतला.